गुरुवारचं पाणी

बरणी लोणच्याची, पाच किलोची.
तीनदा सोड्यानं धुतली,
हिंग अजून झाकणाला धरून आहे.

तळाला खडे, वर कोळसा.
तो इस्त्रीवाल्या परदेशींनी दिला मूठभर,
"एवढ्यात काय भाजणार, काका?"
मग माती. मग शेवाळ,
पर्वतीच्या टाकीमागच्या भिंतीवरचं,
जिथे एकतीस वर्षं मी चावी फिरवली.

तिचं वजन खांद्यात राहिलंय.
धनकवडीला पहाटे चार, बिबवेवाडीला साडेपाच,
आणि फोन : कधी येणार, का नाही आलं,
सोडा हो अर्धा तास, घरात बारसं आहे.
शिव्या मला भागवार पाठ आहेत.

बरणीतून कुणी फोन करत नाही.
सकाळी काचेवर वाफ धरते,
दुपारी थेंब होऊन घरंगळते,
नेचं पितं, पुन्हा सोडतं.
तेच चार चमचे पाणी, दिवाळीपासून.

शैला म्हणते, कोंडलंय बिचारं.
पुरतंय त्याला, मी म्हणतो.

शेवाळाबरोबर एक गोगलगाय आलेली, नखाएवढी.
तिला मी हिशेबात धरलं नव्हतं.
रात्री ती काच चढते, मागे ओली रेघ,
जुन्या नकाशातल्या लाइनसारखी,
कुठे जोडलीय ते कुणालाच ठाऊक नसलेली.

आज गुरुवार. शहराचं पाणी बंद.
गोगलगायीला हवा म्हणून झाकण उघडायला जातो
तर हात सवयीनं
बंद करायच्या दिशेला फिरतो.
झाकण आणखी घट्ट.

शैलाला हाक मारतो.
ती पदरानं धरून
एका झटक्यात उघडते,
आणि वास घेत राहते, बराच वेळ,
ओल्या मातीचा, थोडा हिंगाचा.