शेपूट राहिलं

सॉल्वेच्या खाडीत पाणी मागे सरलं की
आर्चिबाल्ड मॅकगफॉग बूट काढून गळ्यात अडकवतो
आणि गुडघाभर गढुळात तळव्यांनी मासे शोधतो.
डोळ्यांचं इथे काम नाही.
पायाखालचा चिखल अचानक अंग चोरतो,
तेव्हा थांबायचं. सगळा भार देऊन. श्वास धरून.
फ्लाउंडर. आपल्या लेपीचा थंड मुलखातला भाऊबंद,
दोन्ही डोळे एकाच कुशीला, जन्मभर आडवा.

चार मासे बादलीत, जिवंत, वर ओलं पोतं.
सत्तावीस मैल, लेकीच्या प्रयोगशाळेपर्यंत.
पेट्रोलचे पैसे तो घेत नाही,
पावती मात्र मागतो.

इशबेलला हवं असतं फक्त शेवटचं टोक:
कण्याचे अखेरचे मणी आणि आतल्या दोरीला
लगडलेल्या मोठाल्या पेशी,
चेताही त्याच, ग्रंथीही त्याच,
विजेत बोलतात, रक्तात लिहितात.
हत्ती गेला, शेपूट राहिलं, म्हणतात.
इथे मासा गेला,
आणि काम शेपटीपासूनच सुरू.

काचेची सुई, केसाहून बारीक.
खारं पाणी थेंब थेंब, दहा अंशांवर.
पहिला तास नुसती खरखर.
फ्रिज बंद केला. ट्यूबलाइट बंद केली.
मग स्पीकरमधून

टक्.

बराच वेळ काही नाही.
टक्. टक्.
मग एकदम सुपातून जोंधळे सांडावेत तसा सडा,
आणि पुन्हा गप्प.
ती वहीत लिहिते: पेशी नववी. झुबके. मधे एकोणीस सेकंद.

समुद्रातून आलेल्या अशा झुबक्यांनी बोलतात,
नदीत राहिलेल्या सहसा एकेक शब्द,
असं तिचा तक्ता म्हणतो, तीन अपवाद सोडून.
प्रत्येक झुबक्यासरशी थोडं संप्रेरक सुटतं:
कल्ल्यांना सांगा, मूत्रपिंडाला सांगा, मीठ वाढलंय.
निरोप वेळेवर निघतो.
पत्ता तेवढा उरलेला नाही.

"किती वेळ चालतं हे?"
"सहा तास. कधी रात्रभर."
"त्याला कुणी कळवलं नाही वाटतं."

कळणं वगैरे काही नसतं, बाबा,
आयन असतात, उघडमीट करणारी दारं असतात,
असं ती सांगणार होती.
तेवढ्यात झुबका आला, आणि राहून गेलं.

त्याने बूट पुन्हा काढलेत.
अनवाणी टाच टेबलाच्या लोखंडी पायाला टेकवून
मान खाली घालून ऐकतोय.
हे टेबल हवेवर तरंगतं,
नखाचा धक्काही सुईला पुरतो.
सांगायला हवं.
ती सेकंद मोजत राहते.
सतरा. अठरा.
एकोणीस.
वीस.

सुई निसटली की पेशीच गप्प आहे,
इतक्यात सांगता येत नाही.
एकवीस.