घेर

वेंगुर्ल्याच्या बंदररस्त्यावर, खाऱ्या हवेनं गंजलेल्या शटरमागे
क्लोटिल्डा उभी, मोबाइलमधला फोटो पुढे धरून:
"असा. अंगाला चिकटून. गुडघ्याखाली शेपटी."
सुरमईसारखा, म्हटलं मी. हसली नाही.

टेप फिरवला. छाती चौतीस, कंबर तीस,
आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली.
सहा वर्षं काजूची टोपली त्याच बाजूला.
"दिसतं का?" तिनं आरशाला विचारलं, मला नाही.

दिसतं, बाय. पण फोटोतली बाई चालत नाही.
तुला इगर्जीच्या अकरा पायऱ्या चढायच्यात,
मग मांडवात नाचायचं, दिराबरोबर, मामाबरोबर,
आणि त्या तुझ्या जाड्या काकाबरोबर, जो पावलं चुकतो.

पांढरं कापड उलगडलं.
पाग टाकणारा कमरेतून वळतो तेव्हा जाळं
आधी अंगाबरोबर जातं, मग सुटतं, गोल,
तसा घेर धरला टाचण्यांनी, कमरेच्या दोन बोटं वर.
ती वळली.
पुन्हा वळली.

खांद्यात पॅड भरू? पाच मिनिटांचं काम.
बाहेरून बर्फाचा टेम्पो गेला, पाणी गाळत.
"नको. इनासला ठाऊक आहे तो.
सावंतवाडीच्या गाडीत त्यावरच झोपतो मेला."

खडूनं रेघ मारली, तिरपी, होती तशी.
"पण हातमोजे हवेत. कोपरापर्यंत."
काजूच्या चिकानं बोटं काळी.
अंगठीच्या वेळी एक काढावाच लागेल,
ते मी बोलले नाही.
तोंडात टाचण्या होत्या.