शालिकभाऊजींचा वाटा

एकतीस डिसेंबरला, तांडापेठेत, आमच्या गच्चीवर
तेलाचं पिंप आडवं चिरून केलेल्या शेगडीवर
पाच किलो मटण लागलं होतं.
माणसं अकरा. उरायला नको होतं.

पण दुसरी सळई भाजत असताना
दिघोरीच्या प्लॉटचा विषय निघाला.
कोणी काढला ते अजून ठरलेलं नाही.
माझे भासरे ताट तसंच ठेवून उठले,
चपला जिन्यात घातल्या,
त्यांच्या स्कूटरचा आवाज
गोळीबार चौकापर्यंत आम्हाला ऐकू येत राहिला.
नंतर कोणाच्या घशाखाली काही उतरलं नाही.
बारा वाजता शेजारच्यांचे फटाके ऐकले, झोपलो.

सकाळी झाकण काढलं
तर चरबी पांढरी होऊन वर बसलेली,
आणि कोळशाचा वास आदल्या रात्रीइतकाच ताजा.
सून म्हणाली, "आई, मोतीले टाकून देऊ?"
म्हटलं, आठशे रुपये किलो आहे बाप्पा,
मोतीले हाडं पुरे.

हाडावरचं मांस बोटांनीच सोडवावं.
सुरी घाई करते.
जळकी काळी कड काढू नये,
सगळा धूर तिथेच बसलेला असतो.
चार उकडलेले बटाटे, मूठभर भिजवलेले पोहे,
आलं-लसूण,
आणि दगडफूल घातलेला घरचा सावजी मसाला,
पण अर्धाच चमचा, कारण मीठ-तिखट
रात्रीच भरपूर झालं होतं.
लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढ्या टिक्क्या.
रव्यात घोळवून मोजल्या: बेचाळीस.

ताटात मांडताना मध्ये बोटभर जागा सोडायची.
ओल्या असताना एकमेकींना लागल्या
तर नंतर सोडवताना दोन्ही फुटतात.
रात्रभरात त्यांचा दगड होतो,
मग एका पिशवीत कोंबा खुशाल.
(हे मी सुनेला सांगत होते.
हे पेपर वाचत होते, पान उलटलं नाही.)

तीन पिशव्या केल्या. दोघींवर तारीख.
तिसरीवर तारीख आणि "शा."
सुनेला वाटलं, शाकाहारी.
"आई, यात तर मटण आहे ना?"
आहे म्हटलं. मागे सरकव, बर्फाजवळ.

पहिल्या दोन होळीच्या आत संपल्या.
तिसरीला कोणी हात लावला नाही.
मे महिन्यात वीज जायची,
तेव्हा मी फ्रीजला गोधडी गुंडाळायचे
आणि जो दार उघडेल त्याच्यावर खेकसायचे.
सून म्हणे, आतमध्ये सोनं आहे काय.

सेहेचाळीस डिग्रीच्या एका दुपारी
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
भाऊजी दारात. हातात प्रणोतीची लग्नपत्रिका.
"बसत नाही," म्हणाले, आणि बसले.

टिक्क्या गोठलेल्याच तेलात सोडल्या, मंद आचेवर.
बाहेर कूलरची घरघर,
बाकी कोणाचा आवाज नाही.
पहिल्या घासाला भाऊजी थांबले.
दुसऱ्याला ताटाकडे पाहिलं.
"गच्चीवरचं होय हे?"
"हो."
"पाच महिने?"
"पाच होत आले."

हे कूलरमध्ये पाणी ओतत होते.
पाठमोरेच म्हणाले, "पिंप गंजून गेलं."
"काहून? रंग नाही मारला?"
"कोण मारते."
"मी आणतो डबा," भाऊजी म्हणाले.
"इतवारीत माणूस आहे माझा."

प्लॉटचं नाव निघालं नाही.
पिशवीत सहा उरल्या होत्या.
एकदा वितळलेलं परत गोठवायचं नसतं,
सहाही तळल्या.
चार त्यांनी खाल्ल्या, दोन ह्यांनी,
उभ्या उभ्या, ओल्या हातांनी.

जाताना खिशातला कांदा
टेबलावर विसरले.
उन्हात जपून जा, म्हणायचं राहिलं.
संध्याकाळच्या वरणाला
तोच चिरला.