रकाना

हुपरीत बेचाळीस घरं घेतली आम्ही.
प्रश्न सदतीस.
खोकला किती दिवस, दम केव्हा लागतो,
डोळे चुरचुरतात का,
धुरात रोज किती तास.

यादीत नावं कारागिरांची,
म्हणजे पुरुषांची.
ते कुणी पेठेत गेलेले, कुणी माल घेऊन आग्र्याला.
घरात, खिडकी नसलेल्या खोलीत
पैंजणाच्या कड्यांना डाक लावत होत्या त्यांच्या बायका,
ओठांत फुंकणी,
ज्योत वाकवून नेमकी कडीवर धरलेली.

"व्यवसाय?"
"काय न्हाई ओ. घरातच असतो मी."
"मग हे काय चाललंय?"
"हे व्हय? हे आपलं बसल्या बसल्या."

असतो.
अक्काताई मगदूम, वय त्रेपन्न, सुना आलेल्या.
आमच्याकडं बायका असंच बोलतात :
मी धुतो, मी रांधतो,
मी दोनदा बाळंत झालो सीपीआरला.
मान वळवून कुणी बघत नाही.

आवाज पुण्याला गेले.
तिथं निरंजननं टाइप करून आलेली पानं वाचली,
गुणी पोरगा, डबा खातानाही काम करणारा.
चेहरे त्यानं पाहिले नव्हते, लिंगाचा रकाना मोकळा होता,
म्हणून क्रियापदं बघून भरला.
करतो : पुरुष. करते : स्त्री.
बेचाळीसात एकोणचाळीस पुरुष निघाले.

तक्ते झाले, आलेख झाले.
एका ओळीत एक पुरुष, त्रेपन्न वर्षांचा, सांगत होता,
तिसऱ्या येळंला पोट पडलं,
तवापासनं कंबर धरत्या.
ती ओळ तीन टेबलांवरून गेली,
कुणी अडवली नाही.

बैठकीत सापडलं तेव्हा सर इतके हसले
की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.
मीही हसले.
(हसले. कागलची मी.
हॉस्टेलात पहिल्या रात्री "मी जेवलो" म्हणाले
आणि आख्खी पंगत थांबली.
आठ दिवसांत शिकले जेवले म्हणायला.
घरी फोनवर अजून चुकते,
म्हणजे बरोबर बोलते.)

दुरुस्ती माझ्याकडं आली.
अक्काताईची ओळ उघडली.
पुरुष होती तोवर
यंत्रानं आपोआप भरलं होतं :
चांदी कारागीर. आठ तास. धुराशी संपर्क, जास्त.
मी 'पु' खोडून 'स्त्री' केलं,
एवढंच केलं,
आणि शेजारचे रकाने एकेक करून बदलत गेले.
गृहिणी.
तास, लागू नाही.
संपर्क, कमी.
खोकला तेवढा जागेवर राहिला,
कारण नसलेला.

एकोणचाळीस वेळा.
मग 'पु' परत टाकलं. मग परत काढलं.
तिचा खोकला खरा ठरायला
तिनं पुरुष असायला हवं होतं,
आणि पोट पडलेलं खरं ठरायला बाई.
एका ओळीत दोन्ही मावत नव्हतं.
निरंजन म्हणाला, मॅडम, नियम माझा नाही,
जुन्या फॉर्ममधनं आलाय.
जुना फॉर्म कुणाचा, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

परत गेले हुपरीला, शनिवारची, स्वखर्चानं.
सव्वा किलो झालं होतं त्या दिवशी,
अक्काताई पाठ भिंतीला टेकून
चहा बशीत ओतत होती.
व्यवसाय विचारलाच नाही.
म्हटलं, ही फुंकणी कुणाची?

ती बघत राहिली,
आपण येडी का खुळी असं.
"माझीच की.
दुसऱ्याची कोण तोंडात घेईल?"

लिहून घेतलं, आहे तसं.
उठताना चपला शोधत म्हणाले,
मी येतो अक्का.
"ये," ती म्हणाली, आणि खोकली.