श्वास रोखा

एकतीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आले:
खोल श्वास घ्या. रोखा. हलू नका.
परळच्या तळमजल्यावर, शिशाच्या पडद्याआडून.
आणि माणसं ऐकायची.
खोकून वाकलेली, नोकरी लागलेली,
फिटनेसचा कागद हवा असलेली,
सगळी छाती प्लेटला टेकवून गप्प उभी.
एक विसांश सेकंद.
सोडा आता.

खंड्या ऐकत नाही.

भांडुप पंपिंग स्टेशनामागे खाडीला ओहोटी,
सकाळचे पावणेसात.
वॉचमननं वहीत माझं नाव घेतलं
आणि 'कारण'च्या रकान्यात स्वतःच लिहिलं: पक्षी.
निवृत्तीनंतरचं माझं पहिलं अधिकृत कारण.

रेवा केणी, वय बावीस,
आमच्या डार्करूमवाल्या केणींची धाकटी,
माझ्या गळ्यातला पट्टा आखूड करते
आणि फिल्मच्या जुन्या पिवळ्या पाकिटावर आकडे लिहून देते.
बसलेला असेल तर पाचशे.
उडणारा असेल तर दोन हजार, त्याखाली उतरायचं नाही.
छिद्र पूर्ण उघडं; आणि मावशी, आकडा लहान म्हणजे भोक मोठं,
ते उलटं आहे, तसंच गिळायचं.

गिळलं.

पहिल्या रविवारी बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग.
असा डाग मी फुप्फुसावर पाहिला असता
तर ओली फिल्म घेऊन जिना चढले असते.
रेवा म्हणाली, जळला. उणे एक कर.
दुसऱ्या रविवारी आभाळ सुरेख, घार कोळसा.
अधिक एक, मावशी, अधिक.
तिसऱ्या रविवारी शेकाट्याचे गुलाबी पाय आले,
वरचा शेकाट्या फ्रेमबाहेर.

घरी आल्यावर जावई विचारतात, काय मिळालं?
मी म्हणते, पाय.

मग तुतवार.
चिखलावर उभा, आणि मागचा भाग सारखा वरखाली, वरखाली,
जणू आत कोणी शिवणयंत्र चालवतंय.
प्रत्येक फोटोत तो थोडा पुसलेला.
तेव्हा एकदम आठवली वॉर्ड नऊमधली पोरं:
आईच्या कडेवरून ओरबाडून टेबलावर ठेवलेली,
रडणारी, पाय झाडणारी.
त्यांना कुठलं सांगणार श्वास रोखा?
त्यांच्यासाठी वेळ कमी करायची, करंट वाढवायचा.
रडं थांबायची वाट नाही बघायची.

मी डायल फिरवला. वेळ छाटली.
आयएसओ चढू दिला बत्तीसशेपर्यंत.
फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे आले,
पण तुतवाराचा डोळा आला.
डोळ्यात एवढासा सूर्य.
रेवानं स्क्रीन मोठी करून पाहिली, म्हणाली, हे कुणी शिकवलं?
मी म्हटलं, पोरांनी.

आज खंड्या. छोटा. निळा.
पाण्यात रोवलेल्या बांबूच्या टोकावर.
मी गुडघा टेकते (दुसरा गुडघा नकार देतो),
दोन हजार, सहा पॉइंट तीन, उणे काही नाही.
अर्धं बटण दाबून धरते. हिरवा चौकोन त्याच्या डोक्यावर बसतो.
तो पाण्याकडे बघतो. मी त्याच्याकडे.
पलीकडून ऐरोलीच्या पुलावरची वाहनं ऐकू येतात,
नंतर येत नाहीत.

अंगठ्याएवढा पक्षी.
मान वाकडी करतो.
आणि मी बोट दाबते.

एकोणीस फोटो.
अठरांत रिकामा बांबू, सुरेख फोकसमध्ये,
त्याची प्रत्येक पेर, चुन्यासारखी विष्ठा, एक कोळ्याचा धागा.
एकोणिसाव्यात पाण्यावर एक गोल.

रेवा हळहळते. चुकचुकते.
तिला कसं सांगू,
की आमच्याकडे फिल्मवर काहीच न दिसणं
ही सगळ्यात चांगली बातमी असायची,
आणि ती सांगायला मी जिना सावकाश चढायचे.

पुढच्या बांबूवर तो बसलाय, तोंडात मासा.
बॅटरी एक टक्का.