जाणकार सूत्र

स्टुडिओत सर्वांच्या आधी मीच पोचतो
जाणकारांच्या छातीशी.
कॉलरखालून वायर ओढतो,
कमरेला बॅटरीची डबी अडकवतो
आणि म्हणतो, सर, एक ते दहा म्हणा.
ते म्हणतात.
दिवसभर ते जे काही बोलतील
त्यातलं एवढंच मला पडताळता येतं.

निवृत्त राजदूत सातवर खोकतात.
लंडनहून आलेल्या बाई, सामुद्रधुनीवर दोन जाड पुस्तकं लिहिलेल्या,
थांबा म्हणेपर्यंत मोजत राहतात, तेवीस, चोवीस.
प्राध्यापक वाएल तनूस अरबीत मोजतात, आठवर अडखळतात,
आणि त्यांचं पोट माझ्या हेडफोनमध्ये गुरगुरतं,
कारण पहाटेपासूनचं हे चौथं चॅनल
आणि कुणीच जेवायला विचारलेलं नाही.

मी माझ्यातला अर्धा खुबूस त्यांना देतो.
त्या दिवशी चावता चावता त्यांनी विचारलं,
तुमच्या लोकांत काय बोलणं चाललंय, मुबीन?

माझे लोक म्हणजे नेमके कोण?
नजमातल्या खोलीतले आम्ही सहा जण?
की वेसवीची खाला,
जिचा तौसीफ तेलाच्या जहाजावर खलाशी आहे?
सकाळीच तिचा फोन आला होता,
भंडाऱ्याने चाळीस दिवसांचा तांदूळ भरलाय म्हणे,
एरवी वीसचाच भरतो.
तेच सांगितलं. दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

लाल दिवा लागला.
नकाशा निळा झाला, त्यावर बाण धावू लागले
आणि प्राध्यापक, शेवटचा घास गिळून,
जड, शांत आवाजात म्हणाले,
या प्रदेशातल्या जाणकार सूत्रांनुसार
जहाजांनी दुप्पट रसद साठवायला सुरुवात केली आहे.
माझी सुई जराशी वर गेली.
मी ती खाली आणली.

रात्री खाला. रडवेली.
मुबीन, अरे आपल्या मराठी बातम्यांतसुद्धा दाखवलं,
कुणी मोठा प्रोफेसर सांगत होता, लढाई लागणार.
खाला, म्हटलं, ते तूच तर मला सांगितलंस.
मी कुठे? मी तांदळाचं बोलले.
तो शिकलेला माणूस आहे, कोटातला,
तुला काय कळतंय त्यातलं,
तू वायरी लावतोस.

तीन दिवसांनी तौसीफ लागला, तुटक तुटक, कुठल्याशा बंदरातून.
कसली लढाई, भाई?
फुजैराला तांदूळ स्वस्त मिळाला.
भंडाऱ्याचा ओळखीचा दुकानदार आहे तिथे.
तोवर नजमातल्या दुकानांतून
पाच किलोची पिशवी दिसेनाशी झाली होती
आणि आमच्या खोलीत, खाटांखाली, चार आल्या होत्या.
त्यातली एक माझी.

मग प्राध्यापक पुन्हा खुर्चीत,
कॉलर तीच, कडेला जरा मळलेली.
काय खबर, मुबीन?
काही नाही सर, म्हटलं, तांदूळ स्वस्त होता.
मला वाटलं हसतील.
त्यांनी मान डोलावली, सावकाश,
कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी टिपलं,
आणि एक ते दहा म्हणाले,
आठवर न अडखळता.

या संकटाच्या मुळाशी, ते कॅमेऱ्याला सांगू लागले,
शेवटी अर्थकारणच आहे.

आवाज स्वच्छ होता, खरखर नाही.
मी हेडफोन एका कानावरून सरकवला
आणि उरलेला अर्धा खुबूस
खाऊन टाकला.