वळसा

माहितीपत्रकात लिहिलं होतं :
नर्मदाकाठ, तीन दिवस, दोन मुक्काम,
श्रेणी मध्यम, वय साठपर्यंत.
मी एकसष्टची. एक वर्ष गिळलं
आणि अमळनेरच्या स्टँडवर पहाटेची बस धरली,
सुनेच्या बुटांत दोन-दोन मोजे घालून.

आम्ही चौदा जण. चाळीसगावचे विभांडिक सर,
मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ;
शिरपूरच्या दोन नर्सबाई, बहिणी नव्हेत, भांडायच्या मात्र तशाच;
एक मुलगा, फक्त पक्ष्यांशी बोलणारा.
आणि सगळ्यांच्या पुढे टेरसिंग पावरा,
पायात स्लिपर, हातात कोयता,
पाठीवर चौदा जणांचा चहा.

धडगावच्या पुढे डांबर संपलं,
मग जीप, मग लाँच,
मग नुसता उतार आणि आमचे गुडघे.
समोर पाणी एवढं की धाकट्या नर्सबाई ओरडल्या,
"माय वं, आठे ते समिंदर शे!"
खरंच. डोंगरांचे माथे तेवढे वर राहिलेले,
बेटं, आखातं, भुशिरं,
भूगोलाच्या पुस्तकातले सगळे शब्द
सातपुड्यात येऊन बसलेले.
टेरसिंग म्हणाला, "नदी आहे अजून. खाली."
म्हातारे आत झोपलेत, म्हणावं तसं.

फाल्गुन. धरण उतरत चाललेलं.
दूध आटताना पातेल्याला कडा राहतात
तशा कडा डोंगराला, एकीखाली एक,
आणि त्यांच्या खाली आम्ही चाललेलो,
जिथं दिवाळीत होड्या होत्या.
साल गेलेले साग उभ्याउभ्याच राखाडी.
मुलगा म्हणाला, ढोकरी.
दिवसभरात तेवढंच.

दुसऱ्या दिवशी, दुपारी, एक सपाटी लागली.
वाळला गाळ, पापडासारखा तडकलेला.
पलीकडं लाँच सरळ नाकासमोर.
टेरसिंग सरळ गेला नाही.
उजवीकडं वळला, कुणी ओळंबा धरल्यासारखा.
मग डावीकडं. मग पुन्हा डावीकडं.
एका जागी पाय उचलून टाकला,
उचलण्यासारखं तिथं काही नव्हतं.
आम्हीही उचलला, चौदाच्या चौदा.
रांगेतल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत,
त्याचे घोटे दुखतात.

लाँचवर विभांडिक सर म्हणाले,
"दोनशे अकरा पावलं जादा झाली, का हो?"
टेरसिंग साखर मोजत होता.
"वाट तशीच आहे," म्हणाला.

रात्री शेकोटीशी महूचा वास होता,
होळी आठ दिवसांवर.
नर्सबाईंनी त्याच्या टाचेची भेग धुऊन पट्टी बांधली,
दोघी एकदम, एकमेकींना ढकलत.
सकाळी पट्टी दिसली नाही. कोयत्याच्या मुठीला दिसली.

घरी आले. नातवानं फोनमध्ये आमची वाट उघडून दाखवली.
"आजी, तू पाण्यावरून चाललीस!"
निळ्यावर लाल रेघ, वेडीवाकडी,
आणि मधेच एवढासा
स्वच्छ चौकोन सोडलेला.

तीस वर्षं मी भूमी अभिलेखात नकाशांच्या नकला काढल्या.
माझे डोळे गेलेत, पण इतकेही नाही.
हा बांध, हा बांध, हा बांध,
आणि त्या कोपऱ्यात रेघ जरा फुगलेली
विहिरीपुरती, किंवा आंब्यापुरती.
सव्वा एकर. फार तर दीड.
गट नंबर असेल की नसेल,
तिकडं कित्येक पाड्यांवर साखळीच पोचली नव्हती,
तो कोरा भाग आम्ही हिरव्या पेन्सिलीनं
भरून टाकायचो.

मंडळाचा अभिप्राय-कागद आला होता.
वाट : सुस्पष्ट / अस्पष्ट / अनावश्यक लांब.
पेन हातात धरून बरीच बसले.
खूण नाही केली. समासात, बारीक,
जुन्या सवयीनं चतुःसीमा लिहिल्या :
पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी,
दक्षिणेस पाणी, उत्तरेस टेरसिंगचा पाय.
मग तो कागद पाठवलाच नाही.

गॅलरीत सुनेचे बूट उलटे केले.
गाळ पडला मूठभर, करडा, मऊ.
ती झाडू घेऊन आली.
मी म्हटलं, "थांब गं. जरा बाजूनं."